साठ वाव पाण्यावरची नोंद

महाराष्ट्राची पूर्व सरहद्द जेथे प्राणहितेच्या पात्रात उतरते आणि पैलतीरावर तेलंगणाचा मुलूख सुरू होतो, तेथे अहेरी हे आमचे तहसिलीचे गाव आहे. आणि या गावात जन्मून वाढलेल्या माणसाला समुद्र ही बहुधा शाळेच्या नकाशावर निळ्या रंगाने दाखवलेली, पण व्यवहारात कधीही संबंध न येणारी वस्तू असते. राज्याला 720 किलोमीटर लांबीचा किनारा लाभला आहे असे आम्ही शाळेत पाठ केले होते. परंतु आमच्या रानावर पडलेले पावसाचे पाणीदेखील त्या किनाऱ्याकडे जात नाही. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी आमच्याकडचे सारे पाणी पूर्वेला बंगालच्या उपसागरात नेऊन सोडते. अशा मुलखातला मनुष्य अरबी समुद्रात, जमीन दिसेनाशी होईल इतक्या अंतरावर, एका लहानशा काळ्या पक्ष्याची ओळख पटवण्यासाठी का गेला, याची हकीगत सांगण्यापूर्वी आमच्याच तालुक्याशेजारची एक जुनी नोंद सांगणे मला आवश्यक वाटते. कारण माझ्या प्रवासाचे मूळ तिच्यात आहे.

चांदा जिल्ह्याच्या जुन्या दप्तरांत अहेरीची जमीनदारी ही त्या जिल्ह्यातील सर्वांत मोठी म्हणून नमूद आहे, आणि तिच्या सागवानाची कीर्ती इंग्रजी अमदानीत दूरवर पसरलेली होती. त्या काळात भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे विल्यम ब्लॅनफर्ड हे गोदावरीच्या खोऱ्यातील खडकांची पाहणी करीत हिंडत होते. काम खडकांचे, परंतु दृष्टी पाखरांवरही खिळलेली. आणि म्हणून सिरोंच्याच्या बाजूला झुडपी रानात दिसलेल्या एका दुर्मिळ पक्ष्याची, जेर्डनच्या धाविकाची, नोंद त्यांच्या हातून झाली. पुढे 1900 सालानंतर हा पक्षी कोणालाच दिसला नाही, तो पृथ्वीवरून नाहीसा झाला असे विद्वानांनी धरून चालले, आणि 1986 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भरत भूषण यांच्या शोधमोहिमेत तो आंध्रातील कडप्पा जिल्ह्यात पुन्हा सापडला. सापडला तोही ग्रंथांच्या आधाराने नव्हे. तेथल्या एका पाखरे धरणाऱ्या गावकऱ्याला तो ठाऊक होता, त्याने तो दाखवला. सिरोंच्याच्या रानात एके काळी तो धावत होता, याला मात्र ब्लॅनफर्डच्या नोंदीखेरीज दुसरा दाखला माझ्या पाहण्यात नाही. एका वाटसरूने पाहिले, नीट ओळखले आणि लिहून ठेवले, एवढ्यावर आमच्या मुलखाच्या पूर्वस्थितीचा एक मोलाचा अंश टिकून राहिला आहे.

माझी सारी नोकरी तहसील कचेरीत गेली. नोंद, फेरफार, पंचनामा, जबानी यांतच हयात गेल्यामुळे कागदावरच्या एका ओळीला किती वजन असते हे मला पुरेपूर उमगलेले आहे, आणि त्याचबरोबर खोटी ओळ किती पिढ्यांना छळते हेही मी पाहिले आहे. कामानिमित्त रानात हिंडताना पक्षी पाहण्याची आवड लागली ती आमच्या माडिया शेजाऱ्यांमुळे. दाट पानोळ्यात पक्षी क्षणभर दिसतो. रंग दिसत नाही, चोच दिसत नाही. तरी तो कोणता हे ही मंडळी त्याच्या उडण्याच्या ढबीवरून सांगतात, आणि नंतर तो उघड्यावर आला की त्यांचे सांगणे खरे ठरते. वांगेपल्लीच्या घाटाखाली उन्हाळ्यात प्राणहितेची वाळू उघडी पडते, तीवर नदी सुरय अंडी घालतात. त्यांच्या टोकदार पंखांकडे आणि दुभंगलेल्या शेपटीकडे पाहता पाहता याच कुळातील समुद्रावरचे सुरय कसे असतील, ज्या पक्ष्यांना पाय टेकायला वाळूही लागत नाही ते कसे जगत असतील, हा विचार माझ्या मनात घर करून बसला. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याने विदर्भाच्या रानात आयुष्य घालवूनही आपल्या पक्षिकोशात पाखरांना मराठी शब्दांची जागा करून दिली. तेव्हा रानातल्या माणसाने समुद्राकडे पाहू नये असा काही शिरस्ता नाही, हेही मनाला पटले.

सेवानिवृत्तीनंतर तो योग आला. कुडाळच्या महाविद्यालयात शिकणारा एक तरुण एकदा गिधाडे पाहण्यासाठी आमच्या भागात आला होता आणि माझ्या घरी उतरला होता. त्याने पितृपक्षात कोकणात येण्याचे निमंत्रण दिले. अहेरीहून आलापल्ली, आष्टी, गोंडपिंपरी या मार्गाने एस.टी.ने बल्लारपूर, तेथून रेल्वेने मुंबई आणि मुंबईहून कोकण रेल्वेने कुडाळ असा हा प्रवास. सागवानाची रांग संपून कापसाची काळी जमीन लागते, ती संपून घाट लागतो, आणि घाट उतरला की हवाच निराळी होते. भाताची खाचरे पोटरीला आलेली, घरांच्या पडव्यांत गणपतीच्या मखराचे उरलेले कागद, आणि वाऱ्याला खारट ओलावा. वेंगुर्ल्यास पोहोचलो तेव्हा सायंकाळ झाली होती. सतराव्या शतकात येथे डचांनी वखार घातली होती. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. परदेशी व्यापाऱ्यांना जे बंदर हजारो कोस दूरवरून ठाऊक होते, ते आम्हाला आमच्याच राज्यात असून इतक्या उशिरा ठाऊक व्हावे याची खंत त्या भिंतींपुढे उभे राहिल्यावर वाटल्याखेरीज राहिली नाही.

मासेमारीवरील पावसाळी बंदी जून आणि जुलै असे दोन महिने असते, आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा झाल्यावर नौका खऱ्या अर्थाने बाहेर पडतात. आम्हाला ज्या यांत्रिक नौकेवर जागा मिळाली तिचा तांडेल पन्नाशी ओलांडलेला, सावळा, कमी बोलणारा गृहस्थ होता. माझी पूर्वीची नोकरी कळल्यावर तो मला भाऊसाहेब म्हणू लागला. परवाने आणि ओळखपत्रे यांची तपासणी झाली, नौकेवरच्या माणसांच्या यादीत आमची नावे चढली, आणि रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी, किनाऱ्यावरचे दिवे अजून स्वच्छ दिसत असताना, आम्ही बंदर सोडले.

उजाडता उजाडता वेंगुर्ल्याचे खडक उजव्या हाताला आले. बंदरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर समुद्रातून वर आलेला हा लहान बेटांचा पुंजका. इंग्रजी नकाशांत त्याला जळके बेट अशा अर्थाचेही नाव आहे, आणि मच्छीमार त्याला निवतीचा रॉक म्हणतात. त्यावरचे दीपगृह अजून मिणमिणत होते. या उघड्याबोडक्या खडकांचे पक्षिशास्त्रात मोठे स्थान आहे. हुमायून अब्दुलअली यांनी 1940 च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येथील सुरयांविषयी आणि पाकोळ्यांविषयी लिहिले. पावसाळ्यात, जेव्हा एकही होडी तेथे लागू शकत नाही, तेव्हा पांढऱ्या भुवईचे आणि काळसर पाठीचे समुद्री सुरय हजारोंच्या संख्येने या खडकांवर वीण करतात. खडकातल्या गुहेत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात, आणि परदेशी बाजारात त्या घरट्यांना मोठी किंमत मिळत असल्यामुळे त्यांची चोरी होत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले, ही गोष्ट कोकणात आदराने सांगितली जाते. आम्ही गेलो तेव्हा विणीचा हंगाम उलटला होता. तरी काही सुरय आपल्या मळकट रंगाच्या पिलांना घेऊन खडकांभोवती घिरट्या घालीत होते, आणि दीपगृहाच्या कड्यावर एक काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, पूर्वेकडे तोंड करून निश्चल बसला होता.

खडक मागे पडले तशी नौकेवरची बोलणीही बदलली. जमिनीचा उल्लेख संपला. आता पाण्याच्या खोलीचा सर्व हिशेब वावांत होऊ लागला. वीस वाव, तीस वाव, चाळीस वाव. खलाशी पाण्याच्या रंगाकडे पाहून खोलीचा अदमास सांगत आणि तांडेल समोरच्या यंत्रावरील आकडा पाहून मान डोलावी. किनाऱ्यालगतचे गढूळ हिरवे पाणी स्वच्छ हिरवे झाले, हिरव्याचे निळे झाले, आणि निळ्यात हळूहळू अशी एक गडद छटा उतरली की तिच्याकडे पाहताना खालचा तळ आता मनुष्याच्या उपयोगाचा राहिला नाही याची जाणीव व्हावी. किनारा दिसेनासा झाला होता. कुरवांचे थवे मागेच राहिले होते. येथून पुढे जे पक्षी दिसतील त्यांचे जमिनीशी नाते केवळ अंडी घालण्यापुरते.

या पक्ष्यांच्या कुळाची रचनाच विलक्षण आहे. त्यांच्या चोचीवर नाकपुड्यांची नळी असते. समुद्राचे खारे पाणी पिऊन अंगात साठणारे मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातून काढून टाकतात आणि तो खारा द्रव नाकपुड्यांवाटे बाहेर पडतो. शिवाय या कुळाला वासाची शक्ती पाखरांत क्वचितच आढळेल इतकी तीव्र असते. याचा प्रत्यय आम्हाला लवकरच आला. तांडेलाने इंजिन मंद केले आणि एका खलाशाने तारलीचा चुरा, तिची आतडी आणि तेलकट पाणी पिछाडीकडून समुद्रात सोडले. तेलाचा एक चकचकीत पट्टा लाटांवर पसरत गेला. आसमंतात एकही पाखरू नव्हते. तांडेल मात्र वाऱ्याच्या उलट्या बाजूकडे पाठ करून, ज्या बाजूस वारा जात होता तिकडे डोळे लावून उभा राहिला आणि मला म्हणाला, “भाऊसाहेब, हंयसून येतली बघा. वास तेंका हंयसूनच गावता.” आणि तसेच झाले. वाऱ्याखालच्या दिशेने, लाटांच्या घळींतून वर-खाली होत, चिमणीहून थोडे मोठे असे काळे ठिपके वासाच्या मागावर वर चढत आले.

ते विल्सनचे वादळपक्षी होते. अलेक्झांडर विल्सन या पक्षिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे. वजन जेमतेम पस्तीस ते चाळीस ग्रॅम, आणि वीण दक्षिण ध्रुवाकडील बर्फाळ बेटांवर. तेथे हिवाळा आला की विषुववृत्त ओलांडून ते उत्तरेकडील समुद्रांत येतात आणि आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांत अरबी समुद्रावर वावरतात. नौकेच्या इतक्या जवळ ते आले की दुर्बिणीची गरज उरली नाही. सारे अंग काजळीसारखे काळपट तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, आणि तो पट्टा केवळ पाठीवर नव्हे तर दोन्ही कुशींवर खाली उतरलेला, त्यामुळे पक्षी कोणत्याही बाजूने वळला तरी तो दिसावाच. पंख वर धरून, लांब पाय खाली सोडून ते पाण्यावर टपटप पावले टाकीत. बोटांमधले पडदे पिवळे असतात असे ग्रंथांत वाचले होते, तो पिवळा रंग एका पक्ष्याने वाऱ्यात पाय ताणले तेव्हा मी या डोळ्यांनी पाहिला. एवढासा जीव, आणि दक्षिण ध्रुवापासून वेंगुर्ल्याच्या पाण्यापर्यंत त्याची ये-जा, या विचाराने माझा ऊर भरून आला हे मी मोकळेपणाने नमूद करतो.

साठ वाव पाण्यावर आम्ही होतो तेव्हा तो दिसला. आकाश पांढुरके ढगाळ होते, ऊन नव्हते, आणि त्यामुळे रंग पारखण्यास उजेड अनुकूल होता. विल्सनच्या पक्ष्यांचा घोळका तेलाच्या पट्ट्यावर पावले टाकीत असता त्यांच्या पलीकडून एक पक्षी आला, आणि तो त्यांच्यातला नाही हे रंग कळण्यापूर्वीच कळले. तो पाण्यावर पाय टेकीत नव्हता. लाटेच्या उतारावरून तो घसरत खाली येई, एकदम वळसा घेऊन वर उसळे, पंख स्थिर धरून काही अंतर तरंगे आणि पुन्हा खाली झेप घेई. माझ्या तोंडून शब्द निघण्याआधी तांडेल म्हणाला, “तो बघा, दुसरो. तो नाचणारो न्हय.” आमच्या माडिया शेजाऱ्यांनी पानोळ्यातल्या पक्ष्याविषयी ज्या रीतीने निवाडा द्यावा, अगदी त्याच रीतीने दर्यावरच्या या माणसाने ढबीवरून तो वेगळा काढला होता. माझ्या आयुष्यातील दोन टोकांचे दोन मुलूख त्या क्षणी एकाच विद्येने जोडले गेले.

ढबीने शंका निर्माण होते. निवाडा मात्र तपशिलानेच व्हावा लागतो. आम्ही तपशील घेऊ लागलो. मी पाहत होतो, बोलत होतो, आणि माझा तरुण मित्र एका हाताने छायाचित्रे घेत मधूनमधून माझे शब्द आपल्या दूरध्वनीत साठवीत होता. पहिली बाब आकाराची. मोकळ्या समुद्रावर एकट्या पक्ष्याचा आकार सांगणे फसवे असते, कारण मापायला शेजारी झाड नाही, दगड नाही; परंतु येथे विल्सनचे पक्षी त्याच अंतरावर होते, आणि त्यांच्या मानाने तो थोडासाच मोठा, लांब पंखांचा दिसत होता. दुसरी बाब शेपटीच्या मुळाची. तो वळून आम्हाला पाठ दाखवून गेला, कूस दाखवून गेला. पांढरा पट्टा कोठेही नव्हता, सारे काळे तपकिरी. तिसरी बाब शेपटीची. ती दुभंगलेली होती, आणि वळताना पसरली की खाच स्पष्ट होई. चौथी बाब पंखांची. वरच्या बाजूस फिकट तपकिरी रंगाची एक तिरपी पट्टी होती, आणि पंखांच्या टोकाकडच्या मोठ्या पिसांच्या बुडाशी काही फिकेपणा असावा असे मला भासले. “भासले” असेच शब्द मी उच्चारले आणि तसेच ते साठवले गेले.

या चार बाबींपुढे उमेदवार कोण कोण उभे राहतात? अरबी समुद्रावर जूआनिनचा पेट्रेल हा पूर्ण काळा पक्षी आढळतो. क्रिस्तियाँ जूआनिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1955 साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि सोकोत्रा बेटावर त्याची वीण होते. परंतु तो या पक्ष्याच्या मानाने फार मोठा, जाड चोचीचा आणि निमुळत्या शेपटीचा. त्याचा धाकटा भाऊ शोभणारा बुल्वरचा पेट्रेलही मोठाच आणि लांब शेपटीचा. राहिले दोन काळे वादळपक्षी, आणि दोघांचीही वीण जपानकडील समुद्रात: एक मात्सुदाइराचा, दुसरा स्विन्होचा. मात्सुदाइराचा अंगाने थोराड, उडण्यात जड, आणि पंखांच्या टोकाकडच्या पिसांच्या बुडाशी त्याला ठळक पांढरा डाग असतो. आमच्या पक्ष्याच्या पंखांवर ठळक असे काही नव्हते. दुपारी जाळे ओढून झाल्यावर तांडेलाच्या खोलीत बसून आम्ही छायाचित्रे मोठी करून पाहिली. बहुतेक पुसट होती. परंतु एकात पक्षी पंख पूर्ण पसरून वळताना सापडला होता, आणि पिसांच्या कण्यांवर बुडाशी बारीक फिकट रेघा होत्या, डाग नव्हता. एका दुसऱ्या चित्रात विल्सनचा पक्षी त्याच चौकटीत असल्यामुळे आकाराचा पुरावाही हाती आला. तेव्हा कोठे आम्ही वहीत स्विन्होचा वादळपक्षी असे नाव लिहिले, आणि नावाच्या खाली वर सांगितलेल्या चारही बाबी, उजेड, वारा, अंतर, पाण्याची खोली आणि पाहणाऱ्यांची नावे लिहिली. तांडेलाचे नाव मी पहिले घातले, कारण पहिली साक्ष त्याची होती.

ज्याच्या नावाने हा पक्षी ओळखला जातो तो रॉबर्ट स्विन्हो 1836 साली कलकत्त्यात जन्मला आणि चीनमध्ये इंग्रजांचा वकील म्हणून नोकरीस होता. सरकारी दप्तर सांभाळून उरलेल्या वेळात त्याने चीन आणि फॉर्मोसा येथील पक्ष्यांचा अभ्यास केला, आणि 1867 साली या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हिंदुस्थानातही असाच दुसरा अधिकारी होऊन गेला. ॲलन ह्यूम, ज्यांचे नाव आपण राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे जाणतो, ते मुलकी कारभार पाहता पाहता पक्ष्यांचे एक नियतकालिक चालवीत. 1875 साली त्यांनी पश्चिम किनारा आणि लक्षद्वीप येथे समुद्रसफर केली, आणि या समुद्रावरील एका पाणकापू पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांचेच आहे. कचेरीतल्या माणसांनी केलेली ही कामे वाचताना मला नेहमीच धीर येतो. नियमाने पाहणे आणि पाहिले तेवढेच लिहिणे ही सवय कचेरीतही लागू शकते आणि ती समुद्रावरही उपयोगी पडते.

स्विन्होच्या पक्ष्याची एक गोष्ट तर अशी आहे की ती प्रत्येक पक्षिनिरीक्षकाने ध्यानी ठेवावी. 1989 साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर टाइनमाउथ येथे रात्री वादळपक्षी पकडून, त्यांच्या पायांत कडी घालून सोडण्याचे काम चालू होते. तेथे एक काळा, पांढऱ्या पट्ट्याचा मागमूस नसलेला पक्षी जाळ्यात आला. हा पक्षी तर पूर्व आशियाचा; तो उत्तर समुद्राच्या थंड किनाऱ्यावर कसा? हातात धरलेल्या, मापे घेतलेल्या पक्ष्याविषयीसुद्धा तज्ज्ञांना शंका राहिली, आणि रक्ताची आनुवंशिक तपासणी होऊन निर्णय लागला तेव्हाच ती फिटली. पक्षी हाती असून इतकी काळजी. मग डुलत्या नौकेवरून काही क्षण दिसलेल्या पक्ष्याविषयी किती असावी!

याच कुळातील दुसरी गोष्ट न्यूझीलंडची. तेथील एक वादळपक्षी एकोणिसाव्या शतकातील मोजक्या तीन नमुन्यांवरून माहीत होता आणि नामशेष समजला जात होता. 2003 साली उत्तर बेटाजवळच्या समुद्रात नौकेवरून काही पक्षिप्रेमींनी एका पक्ष्याची छायाचित्रे घेतली. पोटावरच्या रेघा विल्सनच्या पक्ष्याशी जुळत नव्हत्या, आणि त्या रेघांवरून नाहीसा झालेला पक्षी पुन्हा जगाच्या नोंदीत आला. दहा वर्षांनी, 2013 मध्ये, लिटल बॅरियर बेटावरील जंगलात त्याची वीण सापडली. सामान्य समजून ज्याकडे डोळे फिरवले असते त्याच्याकडे कोणी तरी नीट पाहिले, एवढेच या पुनर्जन्माचे कारण.

याच्या उलट उदाहरण आपल्याच राज्यातले आहे, आणि ते मनाला फार लागते. रानपिंगळा हे आपल्या सातपुड्याचे वैभव. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात शहाद्याच्या बाजूला 1884 साली त्याचे नमुने मिळवले, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो कोणाला आढळला नाही. मध्यंतरीच्या काळातला एकच दाखला होता: रिचर्ड मायनर्ट्झहागन या प्रतिष्ठित इंग्रज संग्राहकाने आपण 1914 साली गुजरातेत मांडवी येथे तो मिळवला असे लिहून ठेवले होते. पुढे अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले तेव्हा उघडकीस आले की तो नमुना जुन्या नमुन्यांतून चोरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला होता. ती खोटी चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळले, आणि 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. एका खोट्या नोंदीने पक्षी मेला नाही. परंतु त्याचा शोध मात्र दिशाहीन झाला, आणि रान तोडले जात असता त्याची दखल घेणारे कोणी उरले नाही. कडप्प्याच्या गावकऱ्याची खरी साक्ष आणि मांडवीची खोटी चिठ्ठी ही दोन्ही समोर ठेवली म्हणजे पक्ष्याचे नाव लिहिणे हे किती जबाबदारीचे काम आहे याची कल्पना यावी.

परतीच्या वाटेवर, पाणी पुन्हा हिरवे होत असता, मी तांडेलाला दर्यातल्या पाखरांविषयी विचारीत राहिलो. जे त्याने सांगितले ते मी कोठे वाचलेले नव्हते. कोणत्या महिन्यात नाचणारी पाखरे दिसू लागतात आणि केव्हा नाहीशी होतात. कोणत्या वाऱ्यात ती नौकेला चिकटून राहतात. कोणत्या पाखरांच्या खाली बांगडा असतो आणि कोणत्यांच्या खाली काहीच नसते. “पाखरां फसयत नाय,” तो म्हणाला, “तां फक्त आमकां कळूक व्हया.” वादळानंतर किनाऱ्यावर मरून पडलेले मोठे पांढरे पक्षी त्याने पाहिले होते, पावसाळ्यात वाऱ्याने फेकले गेलेले समुद्रपक्षी कोकणच्या पुळणींवर सापडतात, त्यांची ओळख किनाऱ्यावरच्या मंडळींनाच प्रथम होते. हे सारे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात आहे आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

राज्याचा समुद्रावरचा अधिकार बारा सागरी मैलांपर्यंत चालतो, आणि देशाचा आर्थिक हक्क दोनशे मैलांपर्यंत. या विस्तीर्ण मुलखात तलाठी नाही, कोतवाल नाही, गावठाण नाही. तेथे हंगामभर वावरणारी माणसे म्हणजे आमचे मच्छीमार. पक्षिशास्त्राची मंडळी वर्षातून एखाददुसऱ्या वेळी तेथे जातात, तेही किनाऱ्यापासून एका दिवसाच्या अंतरात. तेव्हा या समुद्राची खरी वही लिहायची असेल तर ती या दोघांनी मिळून लिहिली पाहिजे. ज्याला ढब कळते त्याची जबानी आधी घ्यावी, ज्याला तपशील कळतो त्याने तो तपासावा, आणि नाव लिहिण्यापूर्वी दोघांचा मेळ बसला पाहिजे. जेथे मेळ बसणार नाही तेथे “काळा वादळपक्षी, जात अनिर्णीत” असे लिहिण्यात काहीच कमीपणा नाही. ती ओळ खरी असते, आणि खरी ओळ पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते.

माझ्या तरुण मित्राने छायाचित्रे आणि वहीची प्रत जाणकारांकडे पाठवली आहे. त्यांनी आमचे मत मान्य केले तर आनंद. फिरवले तर त्यांची कारणेही त्याच वहीत, त्याच नोंदीखाली उतरवली जातील. मी अहेरीला परतल्यावर एक लहानसे काम मात्र सुरू केले आहे. वांगेपल्लीच्या घाटावर नाव चालवणाऱ्यांकडून आणि रानात जाणाऱ्या माडिया मंडळींकडून पाखरांविषयीची माहिती त्यांच्याच नावाने, तारीख आणि ठिकाण घालून, एका जाड वहीत मी लिहून घेत असतो. असे काम वेंगुर्ल्यात, मालवणात, निवतीत, देवगडात प्रत्येक बंदरावर व्हावे, आणि नौका परतल्यावर जाळ्यातल्या मासळीच्या हिशेबाबरोबर तांडेलाने आज कोणते पाखरू कोठे पाहिले याचीही एक ओळ लिहिली जावी, अशी माझी किनाऱ्यावरच्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि सहकारी मच्छीमार संस्थांना विनंती आहे. यासाठी मोठा खर्च लागत नाही. वही लागते, आणि लिहिणाऱ्याने पाहिले त्याहून अधिक काही न लिहिण्याचा निग्रह लागतो.